झेंडा सरांचे नियम

आधी ते उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात घालून ओलं करत आणि डोक्याच्या वर धरत. मग डोळे मिटून क्षणभर थांबत, जणू वारा त्यांच्याच कानात काही सांगणार आहे. "पश्चिमेचा आहे," असं जाहीर करून ते बोट रुमालाला पुसत आणि म्हणत, "आधी वारा, मग वंदन. नियम आहे." असा नियम कुठेही नव्हता. हे मी ठामपणे सांगते, कारण नियमांचं पुस्तक त्यांनी कधी वाचलं नव्हतं आणि मी वाचलं होतं.

मागच्या महिन्यात तुमच्या आईनं तिकडच्या, परदेशातल्या तुमच्या गल्लीचा फोटो पाठवला. घराघरावर झेंडे. म्हणाली, ते रात्रंदिवस तसेच असतात, पावसातसुद्धा, आणि कोणी काही म्हणत नाही. तो फोटो पाहून मला हे गृहस्थ आठवले. तुमच्या गल्लीत ते एक दिवस काढू शकले नसते. पहिल्याच घराची बेल वाजवून त्यांनी घरमालकाला अंगणात सावधान उभं केलं असतं.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचीही नातवंडं कुठेतरी तुमच्यासारखी दूर असतील आणि आजोबांविषयी त्यांना बरंच सांगितलेलं असेल. शाळेतल्या मुली त्यांना झेंडा सर म्हणत. आपणही तेच म्हणू.

उदगीरच्या आमच्या मुलींच्या शाळेत ते कवायत शिकवत. मी नांदेडहून लग्न होऊन तिथे गेले आणि इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा ते आधीपासूनच होते. उंच, सडपातळ, पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. कवायतीचे निम्मे तास ते मुलींना उन्हात उभं करून झेंड्याविषयी बोलत. एखादी पोर चक्कर येऊन खाली बसली, तर म्हणत, "ही उद्या राष्ट्रगीताला अशीच बसणार." वर्षातले तीन दिवस ते जगत: सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट. उरलेले दिवस ते या तीन दिवसांची वाट पाहत आणि आम्हाला पाहायला लावत.

चौथा दिवस अधूनमधून, अचानक मिळे. देशातलं कोणी मोठं माणूस गेलं आणि झेंडा अर्ध्यावर उतरवण्याचा हुकूम आला, की सर धावत माझ्या वर्गाच्या दारात येत. "बाई, अर्ध्यावर आणायचाय. लोक काय करतात, सरळ अर्ध्यापर्यंतच चढवतात. चूक. आधी पार टोकाला न्यायचा, तिथं टेकवायचा, मग खाली आणायचा. उतरवतानाही परत टोकाला नेऊन." हा नियम मात्र खरा होता. पण तो सांगताना त्यांचे डोळे असे चमकत की वाटावं यांच्या घरी बारसं आहे. दुसऱ्याच्या मरणानं इतका टवटवीत होणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

दर पंधरा ऑगस्टला ते मुलींना एक गोष्ट सांगत. निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी गावाबाहेरच्या बाभळीवर तिरंगा लावला होता. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा बाभूळ होती. तीन-चार वर्षांत तिची चिंच झाली. पुढे ते झाड सुटलं आणि सर थेट उदगीरच्या किल्ल्याच्या बुरुजावर चढले. एकदा त्यांचे मामेभाऊ शाळेत आले होते. चहा पिताना मी सहज विचारलं, तर ते म्हणाले, "हा? हा त्या वर्षी आमच्याकडं सोलापूरला होता की. गडबड सुरू झाल्याबरोबर आमच्या आईनं बोलावून घेतला." सर खिडकीबाहेर पाहत होते. पुढच्या पंधरा ऑगस्टला ते पुन्हा बुरुजावर चढले.

आता नियमांच्या पुस्तकाविषयी. झेंड्यासंबंधीच्या सूचनांची एक पुस्तिका वरून शाळेत आली होती, सगळी इंग्रजीत. सरांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं, आणि त्यात कमीपणा काही नव्हता. पण ते पुस्तिका घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "एवढं मराठी करून द्या. इंग्रजी मला येतं, पण सवड नाही." मी चार दिवस बसून एका वहीत ते उतरवून दिलं. झेंडा झपकन चढवावा, सावकाश उतरवावा. केशरी रंग वर असावा. जमिनीला, पाण्याला टेकू नये. टेबलावर अंथरू नये, कशावर पांघरू नये. सूर्योदयानंतर चढवावा, सूर्यास्तापर्यंत उतरवावा. फाटला तर एकांतात, आदरानं जाळावा. असं सगळं, क्रमांक घालून, माझ्या अक्षरात. सरांनी वही घेतली, कपाळाला लावली आणि धन्यवाद न म्हणता निघून गेले.

त्यानंतर दुष्काळ आला. बहात्तरचा. त्याविषयी मी तुम्हाला पूर्वी लिहिलं आहे, तेव्हा इथे एवढंच की शाळेच्या विहिरीत दगड दिसू लागले होते आणि दर मुलीला दिवसाला एक पेला पाणी ठरवून दिलं होतं. ते पाणी आणायला शाळेनं रोजंदारीवर एक बाई ठेवली. तिचं नाव गयाबाई. बौद्ध वस्तीत राहायची, विशी-बाविशीची, नवरा खडीच्या कामावर. दीड कोसावरच्या एका मळ्यातून ती डोक्यावर पाणी आणून शाळेच्या रांजणात ओतायची. ती शाळेत शिरली की मुली वाचता वाचता तिच्या घागरीकडे बघत.

चौदा ऑगस्टला सरांनी सांगितलं की झेंडा धुवायचा आहे, दोन बादल्या स्वच्छ पाणी हवं. त्या वेळच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "अहो, यंदा राहू द्या." सर म्हणाले, "मळका झेंडा लावणं हा गुन्हा आहे." मोठ्या बाई घाबरल्या. गुन्हा हा शब्द सरांनी योग्य जागी वापरायला शिकून घेतला होता. गयाबाई दोन खेपा जास्त घालून पाणी घेऊन आली.

सरांनी झेंडा धुतला. साबण लावला नाही, नुसता खळबळला. बादलीतलं पाणी जवळजवळ होतं तसंच राहिलं. गयाबाई म्हणाली, "सर, त्ये पानी टाकू नका. माजी शेळी हाय, तिला व्हईल."

सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं झेंड्याचं धोतर मागितलं असावं. "राष्ट्रध्वजाचं पाणी? शेळीला?"

"शेळीला काय कळतंय सर, कशाचं हाय त्ये."

त्यांनी दोन्ही बादल्या झेंड्याच्या खांबाच्या बुडाशी ओतल्या. जमीन इतकी तापलेली होती की पाणी जाताना फसफसल्यासारखा आवाज आला. गयाबाई बघत राहिली. नंतर तिनं रिकाम्या बादल्या उचलल्या आणि शाळेच्या रांजणासाठी तिसरी खेप आणायला गेली. मी वरांड्यात उभी होते. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोरी हा सरांचा दुसरा किल्ला होता. झेंडा गुंडाळून, आत फुलांच्या पाकळ्या घालून, सुटगाठ मारून खांबाला वर नेऊन ठेवायचा, आणि पाहुण्यांनी दोरी ओढली की तो उलगडायचा. हे काम ते स्वतः करत. मदतीला शाळेचे म्हातारे शिपाई मामा असत. ते जवळच्या खेड्यातले, घरची शेती असलेले. मामा दोरी धरत, झेंड्याची टोकं धरत, एकदा तर त्यांनी तोंडातल्या तंबाखूसकट धरली. त्याला हरकत नव्हती. पण एका वर्षी मामा आजारी होते म्हणून गयाबाई पुढे झाली, तर सर दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "तू नको. नियम आहे."

"कंचा नियम सर?"

"तो तुला कळायचा नाही. इंग्रजीत आहे."

त्याच आठवड्यात मी ती वही मागून घेऊन पाहिली. माझे नियम जिथे संपले होते, त्याच्या खाली क्रमांक पुढे चालू ठेवून सरांनी आपल्या बारीक, तिरक्या अक्षरात भर घातली होती. ध्वज धुतलेले पाणी जनावरास पाजू नये. ध्वजाकडे पाठ करून पान खाऊ नये. आणि त्याच्या खाली: पाणी भरणारे व झाडलोट करणारे यांनी ध्वजास व दोरीस स्पर्श करू नये. पाणी भरणारी आणि झाडणारी शाळेत एकच होती. तिच्या जातीचा शब्द सरांनी कुठेही लिहिला नव्हता. एवढी अक्कल त्यांना होती. मी वही मिटून परत दिली. त्यांच्याशी वाद घालणं मला माझ्या इभ्रतीला कमी वाटत असे. तुम्ही मोठे झाल्यावर बघाल, गप्प बसण्यासाठी शिकलेल्या माणसाला असली कारणं फार पटकन सुचतात.

दहा वर्षं गेली. मी मुख्याध्यापिका झाले. गयाबाई पाणी भरायला आली होती ती झाडलोट, घंटा, टपाल, सगळं करू लागली, पण कागदावर अजून रोजंदारीचीच. तिला कायम करावं असा प्रस्ताव दोनदा उस्मानाबादला पाठवला, दोनदा तो तिथल्या कपाटात निजला. मग उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवे साहेब, रिकामी कपाटं. मी प्रस्ताव नव्यानं लिहून लातूरला पाठवला. गयाबाईनं तोवर दोन पोरींना आमच्याच शाळेत घातलं होतं. ती मला दर सोमवारी विचारायची, "बाई, लातूरचं काय आलं का?" आणि मी नाही म्हटलं की "येईल की," असं मलाच समजावून जायची.

नव्या जिल्ह्याचा पहिला सव्वीस जानेवारी आला. शिक्षण खात्याचे लातूरचे साहेब झेंडावंदनाला आमच्या शाळेत येणार असं ठरलं. हेच साहेब गयाबाईच्या कागदावर सही करणार होते. तिला ते माहीत होतं. आदल्या दिवशी तिनं मैदान तीनदा झाडलं.

सरांना मात्र फोटोची चिंता होती. साहेबांबरोबर फोटोग्राफर येणार होता. जानेवारीत सकाळी आमच्याकडे वारा पडलेला असतो, आणि झेंडा खांबाला ओल्या लुगड्यासारखा चिकटून राहतो. सरांनी बोट ओलं करून दोन दिवस वाऱ्याचा अंदाज घेतला आणि त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी झेंड्याला खळ घातली. ज्वारीच्या पिठाची, चांगली दाट, म्हणजे वारा नसला तरी झेंडा पुठ्ठ्यासारखा ताठ राहील. कोळशाच्या इस्त्रीनं तो वरवर कडक केला, आतून दमट असतानाच घड्या घातल्या, ओल्या झेंडूच्या पाकळ्या भरल्या आणि संध्याकाळीच बांधून ठेवला. खादी, खळ, ओल आणि थंडीची एक रात्र. पापड लाटणाऱ्या कोणत्याही बाईनं त्यांना सांगितलं असतं काय होईल ते. पण बायांना विचारायचा नियम नव्हता.

सकाळी साहेब आले. मुली रांगेत. शिपाई मामांनी दोरी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ओढली. वरची गाठ सुटली, तिचा फासही खाली लोंबला, पण झेंडा उलगडला नाही. वर एक पुरचुंडी लटकून राहिली. साहेबांनी पुन्हा ओढली. तेवढ्यात सरांनी सवयीनं इशारा दिला आणि मुलींनी राष्ट्रगीत सुरू केलं.

आता राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही, हा नियम खरा. त्यामुळे सहाशे मुली, सगळा शिक्षकवर्ग, संस्थेचे सचिव आणि लातूरचे साहेब त्या पुरचुंडीकडे मान वर करून ताठ उभे. सरांचा सलाम कपाळाला चिकटलेला. राष्ट्रगीत संपलं तरी तो हात खाली येईना. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो दिवस आला होता आणि ते नुसते उभे होते.

मागून, पाण्याच्या पिंपाजवळून, गयाबाई पुढे आली. चपला तिनं तिथेच काढल्या होत्या. तिनं कोणाला विचारलं नाही. मामांच्या हातातलं दोरीचं दुसरं टोक घेतलं, पुरचुंडी हाताशी येईपर्यंत खाली उतरवली आणि तव्याला चिकटलेली भाकरी सोडवावी तशी कडेकडेनं बोटं घालून एकेक घडी मोकळी केली. वाळलेल्या खळीचे पापुद्रे तिच्या पायांवर पडले, काळवंडलेल्या पाकळ्या पडल्या. झेंडा खाली टेकू नये म्हणून त्याचं टोक तिनं खांद्यावर घेतलं होतं. मग झरझर वर चढवला आणि दोरी साहेबांपुढे केली. साहेबांनी ती बांधली. आता सांगते, आमच्या शाळेचा झेंडा इतका व्यवस्थित चढलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

जाताना साहेबांनी मला हळूच विचारलं, "त्या बाईंचं नाव काय?" मी सांगितलं. ते मान हलवून गाडीत बसले. चांगल्या मनानं विचारलं की वाईट, हे त्या चेहऱ्यावरून कळेना. गयाबाईनं ते लांबून पाहिलं होतं.

"माजं नाव घेतलं ना त्यांनी?"

"हो."

"मंग गेलं बाई माजं," ती म्हणाली आणि झाडू घेऊन खळीचे पापुद्रे गोळा करू लागली.

दुपारी सगळे घरी गेले. मी ऑफिसात बसून दाखले लिहीत होते. ऊन उतरलं तशी गयाबाई दारात आली. तिला सुट्टी होती, तरी आली होती.

"बाई, झेंडा वरच हाय."

मी बाहेर येऊन पाहिलं. होता. इतक्या वर्षांत सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सर शिट्टी घालून खांबापाशी हजर नाहीत, असं एकदाही झालं नव्हतं. मला वाटलं, आजारी पडले. मी गयाबाईला त्यांच्या घरी पाठवलं. ती धापा टाकत परत आली.

"घरी न्हाईत. त्यांच्या बाई म्हनल्या, चार वाजल्यापून अण्णांकडं जाऊन बसलेत. कागद लिहून राहिलेत."

अण्णा म्हणजे संस्थेचे सचिव. कागद कशाचा, हे आम्हा दोघींनाही विचारावं लागलं नाही.

सूर्य मावळतीला टेकत होता. मी म्हटलं, "चल, आपण उतरवू." ती जागची हलेना.

"मी हात लावू का पुन्हा? सकाळचंच अजून फेडायचंय."

"दोरी मी सोडते. तू खाली धर."

मी सावकाश दोरी सोडत गेले. झेंडा तिच्या दोन्ही हातांवर उतरला. खळीमुळे तो अजून खरखरत होता. आम्ही तो आत नेला, घडी घातली, कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. तेव्हा बाहेर मशिदीत मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान सुरू झाली.

तीन दिवसांनी अण्णांनी आम्हाला शाळेच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. सरांचा अर्ज चार पानी होता. रोजंदारीवरील स्त्रीने परवानगीविना ध्वजास स्पर्श केला, खांद्यावर टाकला, उपस्थितांसमोर राष्ट्रध्वजाचा अवमान केला, सबब तिला कामावरून कमी करून तिचा लातूरचा प्रस्ताव मागे घ्यावा. ध्वज न उघडण्याचं कारणही दिलं होतं: सदर स्त्रीने मैदान झाडताना उडालेली धूळ. खळीचा त्यात उल्लेख नव्हता.

अण्णा मोठे बागायतदार, माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कटकट नको होती. गयाबाई दाराशी उभी होती. तिच्यासमोरच ते मला म्हणाले, "बाई, उद्या लातूरहून विचारणा झाली तर कुणाचं तरी नाव दाखवावं लागंल. सर कायम हायेत. ही रोजंदारीची. हिला सोडून देऊ आन् विषय मिटवू. दुसरीकडं कुठं लावू तिला."

मी ती वही झेंड्याच्या कपाटातून काढून बरोबर नेली होती, माझे नियम आणि त्यांचे नियम, दोन अक्षरं. मी ती उघडून अण्णांपुढे ठेवणार होते. पण अण्णा असल्या वह्या वाचणारे नव्हते, आणि सर उत्तर देण्यासाठी छाती फुगवूनच बसले होते. मी वही मांडीवरच ठेवली.

"सर," मी म्हटलं, "त्या दिवशी झेंडा कोणी उतरवला?"

ते तयारीनं बोलायला लागले, "ध्वज सूर्यास्तापूर्वी..." आणि थांबले.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कोणी उतरवला?"

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरले नाही. तीन दिवसांत त्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता. ते चार पानं लिहीत होते, अवमान या शब्दाखाली रेघ ओढत होते, आणि बाहेर सूर्य मावळत होता. ते घरी गेले, जेवले, झोपले. झेंडा खांबावर आहे की नाही हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्या क्षणी मात्र आलं.

त्यांना खोटं बोलता आलं असतं. बाभळीचा बुरूज करणाऱ्या माणसाला "मीच उतरवला" हे दोन शब्द काय जड होते? मी आणि गयाबाई सोडून पाहणारं कोणी नव्हतं, आणि गयाबाईचं कोणी ऐकलं नसतं. पण ते खोटं बोलले नाहीत. त्यांचं एक श्रेय म्हणून मी हे नोंदवते. दुसरं मला सापडलेलं नाही.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

अण्णा मागे टेकून बसले. "अहो, म्हंजे तुम्ही माझ्या ओट्यावर चहा पिऊन राहिला होता आन् तिकडं झेंडा उघड्यावर? आन् तुम्ही अवमानाचा अर्ज देताय?"

सरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली.

"मी उतरवला," मी म्हटलं, "आणि गयाबाईंनी. लातूरहून विचारणा आली तर मी तेच लिहीन. सकाळचंही लिहीन, खळीसकट."

अण्णांनी चार पानं उचलली, सरांच्या बाजूला सरकवली आणि म्हणाले, "हे घरी न्या." सरांनी ती घेतली, चौकोनी घडी घालून खिशात ठेवली. तिथे विषय मिटला. लातूरहून विचारणा कधी आली नाही. जूनमध्ये गयाबाईच्या कायम होण्याचा हुकूम मात्र आला, त्या साहेबांच्या सहीचा. ती शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिची धाकटी पोर मुखेडला शिक्षिका होती.

सरांनी त्या वर्षी झेंडा बांधायचं काम सोडलं. मी काढून घेतलं नव्हतं. मी गयाबाईला विचारलं, तू बांधशील का, तर ती म्हणाली, "मला न्हाई जमायचं बाई त्ये. मला माजी नोकरी पायजे होती. झेंडा तुमचा तुम्ही बघा." मग मामांनी आणि मी मिळून बांधला, आणि कधीमधी तो वेडावाकडाही उघडला. दोन वर्षांनी सर निवृत्त होऊन गावी गेले. तिथे ते वारल्याचं कोणीतरी सांगितलं. मी मुलींकडून दोन मिनिटं शांतता पाळून घेतली, नियमाप्रमाणे.

पण मला ते आठवतात ते बैठकीनंतरचे. अण्णा निघून गेले होते. मी ऑफिसाच्या दारात होते आणि सर वरांड्यात खांबाला धरून उभे होते. गयाबाई घंटा द्यायला चालली होती. त्यांनी तिला हाक मारली. दहा वर्षांत तिला ए, अगं, ती पाणीवाली याखेरीज त्यांनी काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"गयाबाई."

ती थांबली.

"घडी कशी घातली हो? केशरी वर ठेवला का? चक्र मधे आलं का?" त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. दुसरं काही विचारायचं त्यांना सुचत नव्हतं.

गयाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. शेळीचं पाणी मागताना जसं पाहिलं होतं, तसंही नाही.

"तुमी नव्हता की तिथं," ती म्हणाली आणि घंटेकडे गेली.